आकाशातून दिसलेलं झाड

नांगा तेबाउ गावात तिला सगळे माक लानुस म्हणायचे, म्हणजे लानुसची आई. बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी ठेवलेलं एमेरेन्सियाना हे लांबलचक नाव तिला स्वतःला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे. त्या गावाची रीतच तशी. पहिलं मूल झालं की आईबापांची नावं गळून पडतात आणि पोराच्या नावाने त्यांना हाक सुरू होते. पोर जन्मलं की त्याची वार पुरून तिच्यावर दुरियनचं, काटेरी फणसासारख्या फळाचं, रोप लावायचं, हीही रीत. झाड त्या पोराचं, त्याच्याच नावाचं. पोर आईबापांच्या आधी गेलं, तरी त्याचं झाड उभं असेपर्यंत आईचं नाव बदलत नाही. झाड पडलं की मात्र तिला पुढच्या मुलाच्या नावाने हाक मारायची आणि गेलेल्याचं नाव गावात पुन्हा मोठ्याने घ्यायचं नाही. का, असं विचारलं तर म्हातारी माणसं एवढंच म्हणतात, "त्याला झोपू द्या आता."

लानुसला जाऊन बरीच वर्षं झाली होती. सीमेपलीकडच्या देशात, सारावाकला, पामच्या मळ्यात कामाला गेला होता तो. फळांचे घड भरलेला ट्रक चिखलात कलंडला, त्याखाली सापडला. चोरवाटेने गेलेला मजूर, ना पासपोर्ट ना परवाना. त्याला परत कोण आणणार? मळ्याच्याच कडेला कुठेतरी पुरला. त्याच्याबरोबर गेलेल्या पोरांनी त्याचा एक शर्ट तेवढा आईला आणून दिला. तेव्हापासून माक लानुसला मुलाची कबर म्हणून जायला जागा होती ती एकच, राईतलं त्याचं झाड.

राई म्हणजे तिच्या सासरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लावत आणलेली झाडं. दुरियन, लांगसात, रांबुतान ही फळझाडं, आणि त्यांच्या मधूनमधून, जिथे जागा मिळेल तिथे, रबर. ओळ नाही, अंतर नाही. शहरातून आलेल्या माणसाला ते जंगलच वाटायचं. पण तिला विचारलं तर ती प्रत्येक झाड कोणाच्या जन्माचं, ते कोणी लावलं, तेव्हा सुईण कोण होती आणि झाडाचा तो माणूस दारू प्यायल्यावर कसा बोलायचा, इथपर्यंत सांगायची. लानुसचं झाड सगळ्यांत उंच होतं. दुरियन झाडावरून तोडत नाहीत, आपणहून पडायची वाट बघतात. हंगामात ती त्याच्याखालच्या खोपटात जाऊन बसायची आणि धप्पकन फळ पडलं की म्हणायची, "आलास? दमानं रे, डोक्यात टाकशील माझ्या."

आता घरात ती, मुलगी क्लारा आणि घरजावई दोनातुस. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, देवाला आणि आजूबाजूच्या सगळ्या सुइणींना साकडं घालून झाल्यावर, क्लाराला नुकते दिवस गेले होते. दोनातुस रोज पहाटे राईत जाऊन रबराच्या झाडांना खाचा पाडायचा, चीक गोळा करायचा. त्या रबरावर घर चालायचं.

पाऊस थांबून नदीचं पाणी उतरलं होतं, त्या दिवसांत रबर घेणाऱ्या कंपनीकडून वेनिंग नावाची मुलगी आली. जावाहून शिकून आलेली, चिखलाने माखलेल्या मोटरसायकलवर, पाठीला पिशवी आणि हातात टॅब. गावचा मुख्य पंच पाक सेराफिन, म्हणजे सेराफिनचा बाप, याच्या ओसरीवर सगळे जमले. कॉफी आली. वेनिंगने सांगायला सुरुवात केली.

"आपल्या रबराचे टायर होतात आणि ते युरोपात जातात. तिकडे आता नवा कायदा झालाय. जंगल तोडून पिकवलेला माल ते घेणार नाहीत. रबर असो, कॉफी असो, पामतेल असो. कुठल्या जमिनीतून आलं, ते आकाशातून काढलेल्या फोटोवर दाखवायचं."

"वा!" कोपऱ्यातून नेक बाउक म्हणाला. नेक म्हणजे आजोबा, बाउक म्हणजे दाढी. हनुवटीवर मोजून चार केस असलेल्या या म्हाताऱ्याला गाव कौतुकाने दाढीवाले आजोबा म्हणायचं. "त्यांनी त्यांचं जंगल कधीच चट्टामट्टा केलं. आता आमचं शाबूत आहे का बघायला आकाशात चढलेत. तिथून माझं टक्कल दिसतं का गं, पोरी?"

सगळे हसले. वेनिंगही हसली.

"आपलं सरकार काय म्हणतंय पण?" पाक सेराफिनने विचारलं.

"सरकार भांडतंय, पाक. आमच्या लहान शेतकऱ्यांवर हा अन्याय आहे म्हणतंय. शिवाय युरोपशी व्यापाराचा मोठा करार व्हायचाय, त्यातही हे झाडांचं प्रकरण आहेच. बैठका चालू आहेत."

"म्हणजे ते हॉटेलात बसून भांडणार," नेक बाउक म्हणाला, "आणि आपण इथे डास मारत बसायचं."

वेनिंगने टॅब फिरवला. नदी ओळखू आली, चॅपलचं पत्र्याचं छप्पर चमकताना दिसलं. माक लानुस पुढे सरकली. नदीच्या वळणावरून तिने बोट नेलं, आपल्या राईशी आली आणि थांबली. हिरव्या गर्दीत एक गोल, बाकीच्यांपेक्षा मोठा झुपका होता. त्याची सावलीसुद्धा दिसत होती.

"हा माझा लानुस," ती म्हणाली.

वेनिंगला काही कळलं नाही. क्लाराने सांगितलं तेव्हा तिने फोटो मोठा करून दाखवला. माक लानुस बघतच राहिली. ज्या पोराला स्वतःच्या देशाने कधी पासपोर्ट दिला नाही, तो इतक्या लांबच्या लोकांना दिसत होता. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अभिमान वाटला.

"पण अडचण इथेच आहे," वेनिंग जरा चाचरत म्हणाली. "कॉम्प्युटरला तुमची राई आणि जंगल यांतला फरक कळत नाही. रबर ओळीत लावलेलं असेल तर तो बाग म्हणतो. हे बघून तो जंगल म्हणतोय. मग इथून रबर कसं येतं, असं विचारतो."

"मग सांग की त्याला," दोनातुस म्हणाला.

"कोणीतरी प्रत्यक्ष बघून सांगायला लागतं. मी येईन, फिरून बघेन. पण गावं खूप आहेत आणि आम्ही माणसं थोडी. तोवर अशा जमिनींचा माल थांबेल." ती दमली होती, दिवसभर हेच बोलून तिचा घसा बसला होता. कॉफीचा घोट घेऊन ती सहज म्हणाली, "ज्यांची फोटोत बाग दिसते ना, त्यांचा काही प्रश्नच नाही."

ती गेली आणि गावात तेवढं एकच वाक्य राहिलं. फोटोत बाग दिसली पाहिजे.

आता कोणी म्हणेल, असा कसा उलटा अर्थ लावला या लोकांनी? जंगल तोडू नका म्हणणाऱ्यांना खूश करायला कोणी झाडं तोडतं का? तसं म्हणणाऱ्याने नदीच्या पलीकडच्या काठावर एकदा बघून यावं. तिथेही अशीच राई होती. पामतेलाच्या कंपनीसाठी साहेब लोक जमीन बघायला आले, तेव्हा पाक सेराफिन त्यांच्यामागून झाडांची नावं सांगत फिरला होता. साहेब म्हणाला, "आजोबा, हे तर जंगल आहे. तुमची असती तर साफ केलेली दिसली असती." महिनाभरात बुलडोझर आले. त्यात नेक बाउकच्या बहिणीची सबंध राई गेली आणि ती त्या धक्क्यातून उठलीच नाही. तेव्हापासून गाव एक गोष्ट शिकलं होतं. झाडी दिसली की जमीन आपली राहत नाही. खरवडून उघडी करून दाखवली की ती आपली. पोटाला चटका बसून शिकलेला धडा माणूस विसरत नाही, आणि नव्या परीक्षेत तोच लिहून येतो.

खालच्या आळीत मशीनच्या करवतींचा आवाज सुरू झाला. दोनातुसच्या रबराच्या लाद्या खांबांवर उभ्या असलेल्या घराखाली पडून वास मारायला लागल्या. नदीकाठचा व्यापारी घेतो म्हणाला, पण तो जे देत होता त्यात तेलमीठसुद्धा सुटलं नसतं.

एका संध्याकाळी जेवताना दोनातुस भात चिवडत म्हणाला, "माक, मी विचार करतोय... सारावाकला जावं का? वर्षभरासाठी. खालच्या आळीतले दोघं चाललेत. मळ्यात माणसं हवीत."

क्लाराने ताट खाली ठेवलं. माक लानुसच्या हातातला घास हातातच राहिला.

"त्या मळ्याचं नाव माझ्या घरात काढायचं नाही," ती म्हणाली.

"मग खायचं काय, माक? बाळ यायचंय. रबर विकलं जात नाही तोवर..."

"कळलं मला. आंधळी नाही मी."

त्या रात्री तिला झोप लागली नसणार. सकाळी ती राईत गेली आणि लानुसच्या झाडाला पाठ टेकून बसली. कळ्या धरल्या होत्या. वर बघितलं तर फांद्यांवर त्यांचे घोसच्या घोस. लांबून नेक बाउकने पाहिलं. त्याची राई शेजारीच. तो काठी टेकत आला.

"काय ठरलं तुमचं? तोडताय?"

"तुझं काय?"

"मी? मशीन मागायला खालच्या आळीत जायचं, पेट्रोल आणायचं, त्या पोरांना तुआकची दारू पाजायची. एवढं सगळं कोण करतं? मरू दे. रबर नाही घेतलं तर नाही घेतलं, दुरियन खाऊन मरेन."

"तुला काय, एकटा जीव. माझ्या घरात पोर येतंय."

नेक बाउक खाली बसला, तिला पान दिलं, दोघांनी मिळून खाल्लं.

दोनातुस माणूस चांगला. तो म्हणाला होता, "माक, रबर सोडून बाकीची काढतो, लानुसचं राहू दे. एका झाडाने काय होतंय?" पण माक लानुसने मनाशी हिशोब मांडला होता. फोटोत सगळ्यांत मोठं, सगळ्यांत आधी दिसलं होतं ते तेच. बाकी सगळं साफ करून तेवढं ठेवलं, आणि त्या एका झाडामुळे कॉम्प्युटर जंगल म्हणाला तर? तर दोनातुस जाणार. त्याच वाटेने, त्याच मळ्यात. आणि क्लाराच्या हातात एक दिवस कोणीतरी शर्ट आणून देणार.

"लानुसचंही काढ," ती म्हणाली. "तो असता तर त्याने स्वतःच काढलं असतं. बहिणीसाठी."

जन्माचं झाड पाडायची परवानगी फक्त आईची, आणि पहिला घावही तिचाच. सकाळी सगळे राईत जमले. पाक सेराफिनने मुळाशी भात, अंडं आणि पान ठेवलं, तुआक ओतली. लहान झाडं आधीच आडवी झाली होती, त्यामुळे तिथे भलताच उजेड आला होता, आणि त्या उजेडात माणसं एकमेकांकडे बघायचं टाळत होती. माक लानुसच्या हातात कोयता दिला. रीतीप्रमाणे शेवटची हाक मारायची होती. क्लारा पुढे होऊन तिला धरायला लागली, तर तिने हात झटकला.

"हर्कुलानुस!" तिने सबंध नाव घेतलं, लहानपणी ओरडताना घ्यायची तसं. "बाळा, बाजूला हो. तुझ्या भाच्याला जागा दे."

कोयता सालीत बसला आणि तिथेच अडकला. दोनातुसने तो हळूच काढून घेतला. मग मशीन सुरू झाली. ती मात्र घरी गेली नाही, झाड पडेपर्यंत उभी राहिली. पडताना ते रेंगाळलं थोडं, आणि मग सगळ्या कळ्यांसकट खाली आलं. नेक बाउक आपल्या हद्दीवर उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

संध्याकाळी ती नदीवर भांडी घासत होती. मागून कोणीतरी विचारलं, "माक क्लारा, झालं का जेवण?" ती घासतच राहिली. पुन्हा हाक आली, तेव्हा तिला कळलं की हे आपल्यालाच आहे. "झालं," ती म्हणाली. तेव्हापासून गाव तिला माक क्लारा म्हणू लागलं. रीत पाळली म्हणून गावाला दोष देता येत नाही. पण ही गोष्ट सांगताना तिला त्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही, म्हणून इथे ती माक लानुसच राहील.

तोडलेलं झाड वाळायच्या आत बातमी आली. दुकानातल्या टीव्हीवर मोठमोठी माणसं हात मिळवत हसत होती. कायदा एक वर्षाने पुढे ढकलला, असं निवेदिका सांगत होती. सगळ्यांना तयारीला वेळ मिळावा म्हणून. मंत्री म्हणाले, वाटाघाटी चांगल्या वातावरणात चालल्या आहेत, पर्यावरण आणि व्यापार हातात हात घालून चालू शकतात. दुकानात मीठ घ्यायला आलेली माक लानुस दारात उभी होती. नेक बाउक बाकावरच बसलेला, एरवी मंत्र्याच्या टायपासून त्याच्या पोटापर्यंत कशालाच सोडलं नसतं त्याने. आज तो चपलेकडे बघत बसला. तिने मीठ घेतलं आणि घरी आली.

"एक वर्ष," घरी आल्यावर ती क्लाराला म्हणाली, "एक वर्ष थांबला असता गं तो आणखी."

मग पाऊस आला, नदी फुगली, आणि दुरियनचा हंगाम सुरू झाला. नेक बाउकच्या राईत फळं पडायला लागली. त्यांचा आवाज इकडे घरापर्यंत यायचा, आणि प्रत्येक आवाजाला माक लानुसची मान वर व्हायची. क्लाराचे दिवस भरत आले होते. वेनिंगचा पत्ता नव्हता. रबर अजून घराखालीच होतं.

आणि एका दुपारी अंगणातून हाक आली, "माक लानुस! आहात का घरात?"

माक लानुस चुलीपाशी होती. हातातली पळी तिथेच टाकून ती उठली. "ओ! ओ, आले, आले गं!" गुडघे धरून एकेक पायरी उतरणारी ती म्हातारी, शिडीवरून जवळजवळ धावतच खाली आली. क्लारा दारात येऊन बघत राहिली.

वेनिंग आली होती, पूर्वीपेक्षा वाळलेली, तापातून उठल्यासारखी. "उशीर झाला, माक लानुस. पूर आला, मग मला मलेरिया झाला, मग दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं."

मागोमाग नेक बाउक आला होता. त्याने वेनिंगच्या दंडाला स्पर्श करून हळूच सांगितलं, "तिला आता माक क्लारा म्हणतात. झाड पडलं ना." वेनिंगने घाबरून माफी मागितली.

दोनातुस आला, सगळे पायऱ्यांवर बसले. वेनिंग टॅब काढायला तयार नव्हती. शेवटी दोनातुसनेच विचारलं.

"तुमचा तुकडा नकाशावर लाल झालाय, बाद झालाय," ती म्हणाली.

"लाल का? बाग दिसत नाही? रबराशिवाय एक झाड ठेवलं नाही आम्ही. बघ ना!"

"तेच... तेच तर झालंय, दादा." तिने कपाळावर हात मारला. "आधी तिथे जंगल दिसत होतं, आता तोडलेलं दिसतंय. म्हणजे तुम्ही जंगल तोडून रबर घेताय, असा त्याचा अर्थ. मी वर बोलले, भांडले, पण कायदा पुढे गेला तरी कंपनी धोका घ्यायला तयार नाही. लाल तो लाल."

"आणि खालची आळी?"

"तीही."

"मग पास झालं कोण?"

वेनिंगने नेक बाउककडे बघितलं. त्याने मान खाली घातली. "सकाळी येऊन फिरली माझ्या राईत," तो पुटपुटला. "झाडांचे फोटो काढले, म्हणाली, झालं. मी काही केलं नाही गं, माक क्ला... मी नुसता आळस केला."

पलीकडे एक फळ पडलं. माक लानुसची मान वर झाली, मग खाली आली.

"तो पहिला फोटो आहे का तुझ्याकडे?" तिने विचारलं.

वेनिंगने शोधून काढला. नदीचं वळण, हिरवी गर्दी, आणि मधोमध तो गोल झुपका, त्याच्या सावलीसकट. माक लानुसने त्यावर बोट ठेवलं. बोटाने फोटो मोठा झाला, पानं पानं वेगळी दिसायला लागली, मग नुसता हिरवा रंग राहिला. वेनिंग तिच्या खांद्यावरून बघत होती, आणि न राहवून म्हणाली, "केवढं होतं हे! अशी झाडं उभी राहावीत, म्हणूनच तर तो सगळा कायदा..."

ती मधेच थांबली, पण शब्द निघून गेले होते.

माक लानुसने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तिकडच्या लोकांना माझा लानुस हवा होता?"

"माक!" क्लारा दारातून म्हणाली. नाव मोठ्याने घेतलं होतं.

"त्यांनाही हवा होता, मलाही हवा होता," माक लानुस म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मग त्याला मारला कोणी?"

वेनिंगला रडू फुटलं. ती एकटी होती, मोटरसायकल एक होती, आणि हॉटेलांतल्या बैठकांत नांगा तेबाउचं नाव कोणी काढलं नव्हतं. माक लानुसने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "उगी. ताप उतरला नाही तुझा अजून. खायला घालते काहीतरी."

दोनातुस उठून राईच्या दिशेने गेला होता. परत आला तेव्हा त्याने ठरवलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सासूच्या समोर तो उकिडवा बसला.

"माक, पुढच्या आठवड्यात गाडी जातेय. बाळंतपणाला नसेन मी. पण पैसे पाठवेन."

क्लारा आत निघून गेली. माक लानुसला त्याला खूप काही सांगायचं होतं. ट्रकवर बसू नकोस, चिखल असला की उतरून चाल, ताप आला तर लपवू नकोस. लानुसला निघताना यातलं काहीच सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा तिला माहीत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "शर्ट आहेत ना पुरेसे?"

"आहेत, माक."

जेवण झालं. आठवणीने राखून ठेवलेलं तेंपोयाक, लानुसच्या झाडाच्या फळांचं, आंबवून बरणीत भरलेलं शेवटचं, तिने वेनिंगच्या भातावर वाढलं. वेनिंगला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. आंबट आहे, छान आहे, म्हणाली, आणि सगळं संपवलं.

ऊन कलायच्या आत तिला निघायचं होतं. मोटरसायकलपाशी जाऊन ती वळली, नवं नाव आठवून म्हणाली, "येते मी, माक क्लारा."

माक लानुसने तिचं मनगट धरलं. आजूबाजूला बघितलं. नेक बाउक गेला होता, क्लारा आत होती.

"पोरी, तू काही या गावची नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली. "आमची रीत तुला लागू नाही. कळलं का? इकडे कधी आलीस तर तू आपली जुन्याच नावाने हाक मार. कोणी काही म्हणणार नाही तुला."

वेनिंगने मान हलवली. गाडी चिखलातून घसरत पुलापर्यंत गेली, तिथे थांबली. तिने मागे वळून, दोन्ही हात तोंडापाशी धरून हाक मारली, "माक लानुस! येते हं!"

"ओ!" माक लानुसने अंगणातून उत्तर दिलं, आणि गाडीचा आवाज नदीपलीकडे विरून गेल्यावरही ती अंगणात तशीच, कान देऊन उभी राहिली.